द्यायची साडी

"अण्णा, ही साडी बदलून मिळेल का?"

नाईकवाडीबाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली खरी, पण पिशवीवरचा हात काही काढला नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या त्या. एरवी आवाज असा, की हाक मारली तर रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा उतरून उभा राहायचा. त्या दिवशी मात्र कुजबुजत होत्या.

माझे सासरे, म्हणजे अण्णा बोत्रे, गादीवरून नुसते पुढे झुकले. साडी पिशवीतून अर्धी बाहेर आली नाही तोच म्हणाले, "ही? ही तर आपलीच."

"तुमची कशी? मला भाचीच्या लग्नात आली."

"आली असेल. पण गेली या दुकानातून. पोपटी, काठाला कोयऱ्या. लाहोट्यांच्या मुंजीत त्यांच्या आत्यानं घेतली होती. आत्यानं दिली मामीला. मामी कसली नेसतेय! तिनं दिली पुढे ढकलून. मग फिरत फिरत आली तुमच्या मांडवात." अण्णांनी काठ चिमटीत धरून बघितला. "चार-पाच वर्षं झाली असतील. घडीसुद्धा मोडली नाही कुणी. वा!"

आपल्या मालाचा प्रवास ऐकवताना अण्णांना असा काही आनंद व्हायचा, की समोरच्याचं काय होतंय ते बघायचेच नाहीत. बाईंचा चेहरा उतरला. अण्णा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवणार, तेवढ्यात मी मध्ये तोंड घातलं.

"बाई, अशा अजून किती आहेत घरी?"

बाईंनी मागे वळून बघितलं. दुकानात माशी नव्हती, तरी बघितलं. "कपाट भरून आहेत गं. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. आणि कुणाला द्यायला काढाव्यात तर कुठली कुणी दिली तेच आठवत नाही. मागे एकदा जाऊबाईंची साडी जाऊबाईंच्याच ओटीत घातली. अजून बोलत नाहीत माझ्याशी."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात काहीतरी खटकन लागलं होतं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की बायका साड्या नेसण्यासाठी घेतात. पण गावात साड्या दोन जातीच्या होत्या. एक नेसायची, दुसरी द्यायची. नेसायची साडी बाई स्वतः निवडते, तासभर दुकानदाराचा जीव खाते. द्यायची साडी पाच मिनिटांत घेते, आणि ती साडी पुढे आयुष्यभर या कपाटातून त्या कपाटात फिरत राहते, नेसत मात्र कुणी नाही.

"बाई," मी म्हटलं, "तीन घेऊन या. त्यांच्या बदल्यात नेसायची एक घेऊन जा, तुमच्या पसंतीची. वर थोडे पैसे घालावे लागतील. कुणाला कळणार नाही."

बाई गेल्या. अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"कुंदा, आपल्यात कुणी बोहारीण होऊन गेली नाही," ते म्हणाले. "तू पहिली. आता डोक्यावर पातेल्यांची पाटी घे आणि हाळी देत फिर."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा गणपती नुकते उठले होते आणि आमच्या दुकानाला उरली होती फक्त दिवाळीच्या पाडव्यापर्यंतची मुदत. संगमनेरात बसस्टँडच्या बाजूला कापडाचं तीन मजली शोरूम झालं होतं. आत गार हवा, दारात बाहुल्या, आणि बस्त्याला येणाऱ्या सगळ्या वऱ्हाडाला बासुंदीचं जेवण. बासुंदी खाऊन आमच्या दुकानात कोण येतंय! अण्णांनी हाय खाल्ली होती. शेजारचे औषधवाले पोफळे आमच्या गाळ्यावर डोळा ठेवून होतेच. ते दिवसाआड टेप घेऊन यायचे आणि फ्रिज कुठे बसेल ते मोजून जायचे. अण्णा त्यांना म्हणाले होते, "पाडव्याला किल्ली देतो."

माझा नवरा एसटीच्या डेपोत कारकून. त्याला दुकान असलं काय आणि नसलं काय. पण मला होतं. सासूबाई गेल्यावर अण्णांना जेवणाचा डबा द्यायला म्हणून मी दुकानात यायला लागले, मग घड्या घालायला, मग काउंटरला. दुकानात मी 'कुंदावहिनी' होते, बायका मला विचारून रंग घ्यायच्या. दुकान गेलं तर मी पुन्हा ओट्यापाशी जाणार होते, आणि तिथे मला कुणीच काही विचारत नव्हतं. मला ते दुकान पाहिजे होतं, अगदी जिवापाड पाहिजे होतं.

"अण्णा, पाडव्यापर्यंत मला माझ्या मनासारखं करू द्या," मी म्हटलं. "नाही जमलं तर मीच पोफळ्यांच्या फ्रिजला हार घालीन."

"कर," अण्णा म्हणाले. "नाहीतरी माश्याच मारायच्यात."

दोन दिवसांनी नाईकवाडीबाई मागच्या दारानं आल्या. बरोबर बहीण, बहिणीबरोबर तिची विहीण. मग तोंडातोंडी पसरलं. बायका पुढच्या दारानं येऊन ब्लाऊजपीस बघायच्या आणि हळूच मागच्या खोलीत सरकायच्या. मी साडी उलगडून बघायची, डाग नाही ना, कसर लागली नाही ना. मग घडी बदलायची, इस्त्री मारायची आणि नव्या खोक्यात घालायची. त्याच साड्या 'द्यायच्या साड्या' म्हणून निम्म्या भावात पुन्हा विकायच्या. घेणारीला ठाऊक असायचं, की ही साडी फिरून आलेली आहे. तिला काय त्याचं? तिला थोडीच नेसायची होती!

एकच भानगड होती. साडीवर कुंकू असायचं. आमच्याकडे साडी देताना पदराच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय देत नाहीत. काही साड्यांवर तर चार-चार बोटं, म्हणजे चार घरं फिरून आलेली. धुवावं तर साडीचा कोरेपणा जातो. म्हणून मी घडीच अशी घालायचे, की ते टोक पार आत जाईल.

आणि दुसरी भानगड त्याहून मोठी. साडी चुकून दिलेल्या बाईकडेच परत गेली तर? गाव केवढंसं! इथे अण्णा कामाला आले. पहिले चार दिवस ते 'बोहारीण, बोहारीण' करत पेपर वाचत बसले. पाचव्या दिवशी मी एक साडी एका बाईंना दाखवत होते, तर पेपराआडून आवाज आला, "ती नको. ती त्यांच्या नणंदेनं घेतलेली आहे." मग पेपर खाली आला तो आलाच. कुठली साडी कुठल्या बस्त्यातली, कुणी घेतली, काय घासाघीस केली, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि नियमही त्यांनीच काढला. नदीच्या अलीकडच्या साड्या पलीकडच्या गिऱ्हाइकाला, पलीकडच्या अलीकडे.

"प्रवरा ओलांडली की साडीचा नवा जन्म," अण्णा म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. त्यांना खाकरत, हसत, गिऱ्हाइकाला चिडवत बसलेलं मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. पोफळे टेप घेऊन आले की मात्र गप्प व्हायचे. मी विचारलं, "अण्णा, अजूनही किल्ली देणार?" तर म्हणाले, "शब्द दिलाय गं. आणि हे फिरून आलेल्या साड्यांचं दुकान किती दिवस चालेल? एक दिवस कुणीतरी पकडेल, आणि मग गाव जोड्यानं मारेल."

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पकडलं.

बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. निम्म्या बायकांच्या हातात बदलायच्या साड्यांच्या पिशव्या. आणि दारात वाकचौरेकाकी उभ्या राहिल्या.

काकी म्हणजे मोठं प्रस्थ. शंभर एकर बागाईत, घरात तीन मुलगे, दोन सुना, भावकीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. लग्न कुणाचंही असो, बस्ता कुठे बांधायचा हे काकी ठरवायच्या. त्यांनी शोरूमची वाट धरली तेव्हाच आमचं दुकान अर्धं मेलं होतं.

त्यांना बघून दुकानातल्या बायकांचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. पिशव्या पदराखाली गेल्या, पायाखाली गेल्या. नाईकवाडीबाई घाईनं म्हणाल्या, "कुंदा, मांजरपाट दाखव गं," आणि शेजारच्या बाईनं हाताला लागेल ते उचललं. ती पुरुषांची बंडी होती. ती तिनं अंगाला लावून बघितली.

काकींनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या सरळ गादीपाशी आल्या आणि एक वांगी रंगाची साडी अण्णांच्या पुढ्यात आपटली.

"अण्णा, ही वळखता?"

अण्णांनी साडी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. ती साडी मी स्वतः इस्त्री करून विकली होती.

"माझ्या थोरल्याच्या लग्नात मी तुमच्याकडून एकसारख्या बारा घेतल्या," काकी म्हणाल्या. "जावा, नणंदा, भावजया, सगळ्यांना सारखी, कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको म्हणून. एक माझ्यासाठी. पुढं ती माझी मी नव्या सुनेला दिली, शैलाला. आणि काल मी पलीकडे लेकीच्या घरी वास्तुशांतीला गेले, तर विहीणबाईंनी माझ्या ओटीत ही घातली."

लेक! काकींची लेक नदीपलीकडे दिलेली होती. अण्णांनी नदी लक्षात ठेवली होती, साड्या लक्षात ठेवल्या होत्या, आणि सोयरीक विसरले होते.

"ही त्या बारांतलीच कशावरून?" मी म्हटलं. "त्या रंगाच्या पुष्कळ येतात."

काकींनी घडी उलगडली, आत आत जात पदराचं टोक बाहेर काढलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. त्यावर विहीणबाईंच्या ताज्या बोटाशेजारी कुंकवाची दोन जुनी बोटं होती, खाली हळदीचं एक. "दोन कुंकवाची, एक हळदीचं. असं गावात मीच लावते. माझ्या सासूनं शिकवलंय. आता सांगा, मी दिलेली साडी तुमच्या दुकानात कुणी आणून टाकली?"

दुकानात कुणी हलेना. बंडी धरलेली बाई बंडी धरूनच उभी.

"मला नाव पाहिजे," काकी म्हणाल्या. आणि मग आवाज खाली आणून, "अण्णा, माघात माझ्या धाकट्याचं लग्न आहे. सगळा बस्ता इथं बांधते. दोन्ही घरचा. शोरूमवाला नुकताच घरी येऊन गेला, त्याला नाही म्हणून सांगते. तुम्ही फक्त नाव सांगा."

वाकचौऱ्यांचा बस्ता! दोन्ही घरचा! तो आला असता तर पोफळ्यांचा फ्रिज पुढची दोन वर्षं त्यांच्याच घरी राहिला असता. मी अण्णांकडे बघितलं. कुणी आणली ते मला ठाऊक नव्हतं, पण त्यांना असणार हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला वाटलं, सांगावं त्यांनी.

अण्णांनी साडीवरून एकदा हात फिरवला.

"काकी," ते म्हणाले, "आठवत नाही बघा."

"तुम्हाला?" काकींचा विश्वास बसेना. "माझ्या सासूच्या लुगड्याचे काठ सांगणारे तुम्ही, आणि तुम्हाला आठवत नाही?"

"वय झालं. हल्ली सकाळी काय खाल्लं तेसुद्धा आठवत नाही. सुनेला विचारा." भरल्या दुकानात त्यांनी मान खाली घातली. ज्या माणसाला आपल्या स्मरणशक्तीचा एवढा तोरा, तो असं बोलताना बघून मला कसंतरीच झालं.

काकींनी साडी गुंडाळली. "बरंय. मग मीच हुडकते. यंदा लक्ष्मीपूजनाला सगळी भावकी माझ्या वाड्यावर येईल, आणि प्रत्येकीनं मी दिलेली वांगी साडी नेसून यायचं. जिच्या अंगावर नसेल ती सापडली." आणि त्या तरातरा निघून गेल्या.

दुकान रिकामं झाल्यावर मी अण्णांना विचारलं, "खरंच आठवत नाही?"

"न आठवायला काय झालं? शैला. काकींची धाकटी सून. तू जेवायला घरी गेली होतीस तेव्हा आली होती. तिला ती आकाशी पाहिजे होती, बारीक बुट्ट्यांची."

"मग सांगितलं का नाहीत? आपलं दुकान, अण्णा..."

"सांगून? त्या पोरीला त्याच घरात राहायचंय." अण्णा चिडले. "आणि त्या सगळ्या बघत होत्या ना तिथं! आज शैलाचं सांगितलं, की उद्या आपलंही सांगतील म्हणून एक बाई दारात उभी राहिली नसती. लोक आपल्याला साडी बदलून देण्याचे पैसे देतात असं वाटतं का तुला? गप्प बसण्याचे देतात. एवढा धंदा तू काढलास, आणि तुलाच कळला नाही."

मी काउंटरवरची उलगडलेली साडी ओढली आणि घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. शैला. रडून रडून डोळे सुजलेले. "वहिनी, ती वांगी साडी मला परत मिळेल का हो? नाहीतर माझं काही खरं नाही."

ती साडी तर काकींच्याच कपाटात होती. मी हताश होऊन अण्णांकडे बघितलं, तर अण्णा टक लावून छताकडे बघत होते.

"माळ्यावर गठ्ठा आहे," ते म्हणाले.

"कसला?"

"त्याच्याच. सुरतेहून सबंध गठ्ठा उचलला होता मी. काकींनी बारा नेल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या. कुणी हात लावेना. तुझी सासू म्हणायची, हा काय रंग आहे का, हे तर भरीत झालं. तिच्या डोळ्यांपुढे नको म्हणून माळ्यावर टाकला."

मी साडीचा ओचा खोचला आणि माळ्यावर चढले. गठ्ठ्यावर बोटभर धूळ होती, पण आत साड्या कशा, तर कालच आल्यासारख्या. एक काढून शैलाला दिली. तिनं ती छातीशी धरली आणि मला वाकून नमस्कारच करायला लागली. "आकाशी परत आणून देऊ का?" म्हणाली. मी म्हटलं, "नेस ती. शोभते तुला."

ती गेली आणि तासाभरानं दार पुन्हा वाजलं. काकींची थोरली जाऊ. "सहज आले होते गं. ती वांगी साडी असते बघ, तसली एखादी आहे का? माझी उंदरांनी कुरतडली."

संध्याकाळी नणंद. हिची गच्चीवरून वाऱ्यानं उडाली होती. दुसऱ्या दिवशी एक भावजय, हिची धोब्यानं हरवली. दुसरी भावजय, हिनं आधी सांगितलं की जळाली आणि मग अर्ध्या तासानं म्हणाली की माहेरी राहिली. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच. गुरुवारी चुलत जाऊ मागच्या दारानं आत येत होती आणि चुलत नणंद साडीचं खोकं घेऊन बाहेर पडत होती. दोघी उंबऱ्यावरच समोरासमोर आल्या. दोघींनी एकमेकींची खोकी बघितली. "बाई गं, दिवाळी जवळ आली," एक म्हणाली. "आली की," दुसरी म्हणाली, आणि दोघी हसू दाबत दोन दिशांना पळाल्या.

अण्णांनी कुणालाही सूट दिली नाही. एकदा फुकट मिळालेली साडी बायका पुऱ्या किमतीत विकत घेत होत्या, आणि वर आमचे आभार मानत होत्या. शेवटची साडी गेली तेव्हा अण्णांनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघून सांगितलं, "भरीत संपलं गं!" आणि ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

पण मला धाकधूक होतीच. बस्ता तर गेला होता. चार दिवसांत गावभर झालं होतं, की काकी आणि बोत्रे यांचं वाजलं. बदलायच्या साड्यांसाठी दोन-तीन नव्या बायका आल्या, बस, बाकी दार शांत. पोफळ्यांनी फ्रिजची ऑर्डर दिली होती आणि अण्णा त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाड्यावर काय झालं ते मला नाईकवाडीबाईंनी सांगितलं. त्या शेजारी म्हणून प्रसादाला गेल्या होत्या. बायका एकीमागून एक आल्या, सगळ्या वांगी. पाटावर वांगी, ओसरीत वांगी, स्वयंपाकघरात वांगी. बाईंना म्हणे हसू आवरेना, तोंडात लाडू कोंबून बसल्या. काकी प्रत्येकीला खालून वर बघत होत्या. शैला आली, तिच्या अंगावरही होती. काकींनी काही म्हणजे काही म्हटलं नाही. फक्त पूजा आटपल्यावर बराच वेळ एकट्याच ओसरीत बसल्या.

पाडव्याला सकाळी मी दुकानात रांगोळी काढली. ही शेवटची, असं मनात येत होतं आणि रंग सांडत होते. अण्णांनी किल्ली धुऊनपुसून काउंटरवर ठेवली होती. आणि मागचं दार वाजलं.

वाकचौरेकाकी. मागच्या दारानं! एकट्याच, हातात भलं मोठं बोचकं. त्या आत आल्या आणि गादीवर बसल्या. अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं.

"मी बारा घेतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "काल बारा जणी नेसून आल्या. मग माझ्या कपाटात आहे ती तेरावी कुठली गं?"

"त्या रंगाच्या..." मी सुरुवात केली.

"बोलू नकोस. नाही बोलायचं हे शिकलात ना तुम्ही दोघं, तेच बरं." त्यांनी बोचकं सोडलं. आतून साड्या निघाल्या, लुगडी निघाली, ढीगभर. "एकीच्याही पदराला माझी कुंकवाची बोटं नव्हती बघ. सगळ्या करकरीत. सगळ्यांनी देऊन टाकल्या होत्या होय गं? एकीलाही आवडली नव्हती?"

मी ढिगातलं वरचं लुगडं उचलून सरळ केलं. त्याच पुढे म्हणाल्या, "शैला परवा आडोशाला उभी राहून आकाशी साडीला इस्त्री करत होती. मला बघून तिनं लपवली. घरात कुणी घेतलेली नाही ती. मला तेव्हाच कळलं. विचारणार होते. पण इतका छान रंग तिच्या हातात... विचारलं नाही." त्यांनी ढिगाकडे हात केला. "ह्या माझ्या. सासूनं दिलेल्या, नणंदांनी दिलेल्या, ह्यांनी दर पाडव्याला ताटात घातलेल्या. आज मी ह्यांना म्हटलं, यंदा साडी नको, पैसे घाला. बघतच राहिले. आता ह्या घे, आणि मला एक दाखव. नेसायची."

"कुठला रंग दाखवू, काकी?"

त्यांनी कपाटांकडे बघितलं, वरच्या फळीकडे, खालच्या फळीकडे. अख्ख्या भावकीचे बस्ते बांधणारी बाई, शेकडो साड्या निवडून झालेली.

"मला नाही माहीत गं," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही कधी." आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

माझ्याही आलं. मी वळले आणि हाताला येतील तशा साड्या काढायला लागले. मोरपंखी, आमसुली, कोनफळी, चिंतामणी. त्यांच्यापुढे गादीवर पसरत गेले. त्या एकेक हातात घ्यायच्या, गालाशी धरायच्या, आरशात बघायच्या, नको म्हणायच्या आणि पुन्हा तीच मागायच्या.

पोफळे पुढच्या दारातून आले. हातात नारळ, उदबत्ती, मागे फ्रिजचा हातगाडीवाला. "अण्णा, मुहूर्त चुकतोय. किल्ली घेतो."

अण्णांनी काउंटरवरची किल्ली उचलली आणि कमरेला खोचली.

"पोफळे, माफ करा. शब्द मोडतो," ते म्हणाले. "दिसतंय ना, गिऱ्हाईक बसलंय. आणि आता मालकीण कुंदा आहे. तिला विचारा, पण आत्ता नको. आत्ता ती कामात आहे."

पोफळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता.

"ती वरची काढ गं," काकी सांगत होत्या. "ती नाही, तिच्या शेजारची. थांब, दोन्ही काढ."